मुलाला एडीएचडी सांगितलंय, गोळी सुरू करावी का? कोकणातल्या पालकांनो, बोला

सुरंगी :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहिते आहे. लांबलचक होईल, पण कृपया पूर्ण वाचा.

आम्ही देवगड तालुक्यातल्या एका गावात राहतो. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. घरात मी, नवरा आणि सासूबाई. आंब्याची कलमं आणि थोडा काजू, त्यावर घर चालतं. मुलगा रांगायला लागला तेव्हापासून एका जागी ठरत नाही. आधी त्याचं कौतुकच व्हायचं, पोर धडधाकट आहे म्हणून. शाळा सुरू झाली आणि तक्रारी यायला लागल्या. पट्टी, रबर, डबा रोज हरवतो. पाच गणितं दिली तर दुसऱ्या गणिताला उठून खिडकीशी जातो. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो. कोणी चिडवलं की हात उचलतो आणि थोड्या वेळाने स्वतःच हुंदके देऊन रडतो, "मी असं का केलं" म्हणून. ते रडणं बघवत नाही.

मला सगळ्यात जास्त धास्ती विहिरीची आहे. आमच्या आवाठात दोन जुन्या विहिरी आहेत, कठडा मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढा. हा आत कासव दिसलं की ओणवा होतो. सांगितलेलं त्याला कळतं, विचारलं तर तोच मला सांगतो की असं वाकायचं नाही. पण त्या क्षणी ते त्याच्या डोक्यात नसतंच.

शाळेने सुचवलं म्हणून त्याला शहरात एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला चारसहा प्रश्न विचारले, मुलगा तोवर खोलीतला पंख्याचा रेग्युलेटर फिरवत होता. लगेच सांगितलं, एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, आणि मिथिलफेनिडेट नावाची गोळी लिहून दिली. शाळेतून काही मागवलं नाही, कान-डोळे तपासले नाहीत. चिठ्ठी कपाटात ठेवली आहे, गोळी अजून आणलेली नाही. नवरा म्हणतो, एवढ्याशा पोराला डोक्याची गोळी नको. सासूबाई म्हणतात, देवळात गाऱ्हाणं घालू, कौल लावू. ठाण्याची बहीण रोज फोन करून विचारते, सुरू केलीस का.

मला एवढंच कळून घ्यायचंय की एवढ्या पटकन केलेलं निदान धरायचं का, औषध दिलं तर पुढे काय होतं, आणि आपल्याकडे जायचं कुठे.

रापणकार :
माझ्या भाच्याचा पण असाच असा. आमच्याकडे कोणाक इचारूचा ताच कळना नाय. वाचतंय.

केवडा :
सुरंगीताई, तुमची पोस्ट वाचताना आठ वर्षांपूर्वीची मी दिसले. माझा मुलगा आता दहावीत आहे. आम्ही कुडाळजवळचे. त्याचं निदान दुसरीत असताना झालं, आणि ते कसं झालं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल.

आम्हाला बांबोळीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ, म्हणून गोव्याला गेलो. पहिल्या भेटीत निदान सांगितलंच नाही. मला एक प्रश्नावली दिली, शाळेसाठी दुसरी. प्रत्येक वाक्यापुढे कधीच नाही, कधी कधी, वारंवार, नेहमी अशी खूण करायची. आपलं उत्तर एकमेकींना न दाखवता मी आणि वर्गशिक्षिकेने ती भरली. मग कानाची तपासणी, डोळ्यांची तपासणी, रक्तात लोह आणि थायरॉइड. रात्री घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, हे विचारलं. मध्येच काही सेकंद टक लावून हरवल्यासारखा होतो का, हेही विचारलं, कारण एका प्रकारच्या आकडीत मुलं तशी दिसतात आणि शाळेत ते "लक्ष नाही" म्हणून खपून जातं. घरात भांडणं, कोणाचा मृत्यू, जागा बदलणं असं काही झालंय का, तेही. त्यानंतर मानसशास्त्रज्ञांनी वेगळं बसवून वाचन, लेखन, गणित पाहिलं. हे सगळं होऊन मग "हो, एडीएचडी आहे" असं आम्हाला सांगण्यात आलं.

तेव्हा फेऱ्या मारून जीव मेटाकुटीला आला होता. पण त्या फेऱ्यांमुळेच माझ्या मनात निदानाबद्दल शंका उरली नाही, आणि औषध देताना हात थरथरला नाही. तुमच्या डॉक्टरांचं निदान बरोबरही असेल. पण तुमचा विश्वास बसलेला नाही, आणि विश्वास नसताना सुरू केलेली गोळी पहिल्या पोटदुखीला बंद होते.

औषधाबद्दल उद्या लिहिते, आता दुकान उघडायचं आहे.

बालवैद्य :
मी बालरोगतज्ज्ञ आहे, रत्नागिरी जिल्ह्यात काम करतो. मुलाला न पाहता इथे निदान किंवा मात्रा सांगणार नाही. सर्वसाधारण माहिती देतो.

केवडाताईंनी लिहिलेला क्रम योग्य आहे. एडीएचडी दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचा फोटो काढूनही ते सांगता येत नाही. निदान माहिती गोळा करूनच होतं, म्हणून माहिती अपुरी तर निदान अपुरं. जगभर वापरले जाणारे डीएसएम-५ चे, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन पुस्तकातले, निकष (२०१३) असे आहेत : अवधानाची ९ लक्षणं आणि चंचलता-उतावळेपणाची ९, यांपैकी किमान एका गटातली ६ हवीत, निदान ६ महिने टिकलेली हवीत, बाराव्या वर्षाआधी सुरुवात हवी, आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. घरी त्रास आणि शाळेत काहीच नाही, किंवा उलट, असं असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. म्हणूनच शाळेला विचारल्याशिवाय निदान पुरं होत नाही. शिवाय डॉक्टरांच्या खोलीत मूल कसं वागलं यावर फार विसंबू नये. नव्या जागी अतिचंचल मूल चिडीचूप बसू शकतं आणि साधं मूल कंटाळून धुडगूस घालू शकतं.

सुरंगीताई, तुमचा मुलगा वर्गात वयाने सगळ्यात लहानांपैकी आहे का? अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय की वर्गातल्या सर्वात लहान मुलांना हे निदान जास्त मिळतं. त्यांची तुलना जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांशी होते.

गुरुजी_दापोली :
जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या. डॉक्टरसाहेबांनी वयाचं सांगितलं, मी भाषेचं सांगतो.

घरी पोर बोलीत वाढतं. तालुक्याच्या गावी पिवळी बस घेऊन जाते म्हणून त्याला इंग्रजी माध्यमात घालतात. पहिलं वर्षभर त्याला वर्गात काय चाललंय ते उमगतच नाही. ते खिडकीबाहेर बघणार, शेजारच्याला टोचणार, दुसरं करणार काय? अशी मुलं चौथीत आमच्याकडे परत येतात आणि महिन्याभरात मार्गी लागतात. त्यांना कसलाही आजार नव्हता. पण याच्या उलटही पाहिलंय. मराठीत बोलतोय, विषय त्याच्या आवडीचा, शिक्षक प्रेमाने समोर बसलाय, आणि तरी पोराचं मन तिसऱ्या वाक्याला निसटतं. त्याला ते धरून ठेवायचं असतं, तो धडपडत असतो, आणि जमत नाही. हा फरक शिक्षकाला दिसतो. म्हणून पालकांनो, शाळेला शत्रू समजू नका. प्रश्नावली आणा, आम्ही मनापासून भरू.

वर्गात मी काय करतो तेही सांगतो. पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब. एका वेळी एकच सूचना. दहा गणितांऐवजी तीन, मग हंड्यातलं पाणी बघून यायचं, मग पुढची तीन. घंटा वाजवायचं काम त्याचं. चुकीसाठी उभं करणं पूर्ण बंद. आणि बरोबर केलं की त्याच घटकेला सांगायचं. संध्याकाळी केलेलं कौतुक या मुलांपर्यंत पोचत नाही.

कातळसडा :
मी बापाच्या बाजूने लिहितो. राजापूरकडचा आहे. माझ्या मुलीचं निदान झालं तेव्हा मी गोळीला नाही म्हणालो होतो, आणि आजही ती औषधावर नाही.

सुरंगीताईंच्या मिस्टरांची भीती मला ठाऊक आहे. आपल्याकडे "डोक्याचा डॉक्टर" म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर रत्नागिरीचं मनोरुग्णालय येतं. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या जिल्ह्यात आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोकांना सेवा देतंय, पण गावात "ह्याला रत्नागिरीला न्या" ही शिवी झाली आहे. बापाला वाटतं, पोराच्या कपाळी हा शिक्का बसला तर उद्या त्याचं काय. हे अज्ञान म्हणून झटकू नका. ती पोरावरची माया आहे.

आमच्या मुलीचा त्रास सौम्य. वर्गात स्वप्नात असते, वस्तू विसरते, पण अभ्यास निभावतो, मैत्रिणी आहेत, जिवाला धोका नाही. डॉक्टरांनीच सांगितलं, आधी आई-वडिलांचं प्रशिक्षण आणि शाळेतले बदल करून बघा. आम्ही ते नेटाने केलं. भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक, सकाळी दप्तर तिने स्वतः चित्रं बघून भरायचं, जमलं की लगेच खूण, आठवड्याला समुद्रावर न्यायचं. मी ओरडणं थांबवलं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. तिचं बरं चाललंय. पाचवीनंतर पुन्हा बघू, असं ठरलंय.

केवडा :
कातळसडादादा, तुमचं पटलं, आणि सौम्य त्रासाला तसंच करावं. पण विहिरीवर वाकणारं मूल वेगळं.

आता औषधाचं. मुलाला आधी सकाळी एक आणि दुपारी एक अशी साधी मिथिलफेनिडेट होती. एका गोळीचा परिणाम साधारण चार तास. पुढे दिवसभर टिकणारी दिली. पहिल्या आठवड्यातच वहीत फरक दिसला, अक्षर ओळीत आलं. "झोपाळलेला", "यंत्रासारखा" होईल अशी मला भीती होती. तसं झालं नाही. तसं झालं तर मात्रा जास्त होतेय असं समजून लगेच कळवा, असं आम्हाला आधीच बजावलं होतं.

त्रास झाला तो भुकेचा. दुपारचा डबा तसाच परत यायचा. मग मी जेवणाची घडीच बदलली. गोळीआधी पोटभर न्याहारी, घावणे-चटणी नाहीतर उकडा भात आणि अंडं. शाळेत हलकंच. संध्याकाळी औषध उतरलं की भूक खवळते, तेव्हा माशाचं सार आणि भात, आणि झोपण्याआधी दूध नाहीतर पेज. वजन-उंची दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर नाही, दवाखान्यात मोजायची. सुरुवातीला झोप उशिरा लागायची, ती दुपारची गोळी लवकर घेतल्यावर सुधारली. उंची काही सेंटिमीटरने कमी राहू शकते हे आम्हाला सांगितलं होतं, आणि ते मान्य करून आम्ही पुढे गेलो.

औषधाने काय केलं नाही तेही ऐका. दप्तर भरायला ते शिकवत नाही. राग आल्यावर काय करायचं तेही शिकवत नाही. ते आपल्यालाच शिकवावं लागतं. औषधामुळे शिकवलेलं त्याच्यापर्यंत पोचायला लागलं, माझ्यासाठी एवढं पुष्कळ होतं.

सुरंगी :
केवडाताई, वाचून डोळे भरले. डॉक्टर, तो वर्गात लहान नाही, मधल्या वयाचा आहे. आणि मराठी माध्यमातच आहे गुरुजी. नवऱ्याला कातळसडादादांचा प्रतिसाद वाचून दाखवला, गप्प बसून सगळा ऐकला. त्याचा प्रश्न एकच, या गोळीची सवय लागते का, पुढे व्यसनी होईल का?

बालवैद्य :
रास्त प्रश्न आहे. मिथिलफेनिडेट उत्तेजक वर्गातलं औषध आहे आणि मोठ्या माणसांकडून त्याचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून कायद्याने त्यावर कडक नियंत्रण आहे. पण एडीएचडी असलेल्या मुलाला योग्य मात्रेत, देखरेखीखाली दिल्याने पुढे व्यसनाचा धोका वाढतो असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उपचार न झालेल्या एडीएचडीमध्ये मात्र अपघात, शाळा सुटणं आणि पुढे व्यसन यांचं प्रमाण जास्त दिसतं. औषध चालू असलेल्या काळात इजा कमी होतात असंही पाहण्यांमध्ये दिसलं आहे, तुमच्या विहिरीच्या काळजीला ते लागू आहे. (तरी विहिरीला जाळी आजच बसवा, ताई. औषध सुरू करा अथवा नका करू.)

सुरू करण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना सांगाच : मुलाला हृदयाचा काही त्रास, धावताना भोवळ, छातीत दुखणं असं झालंय का, आणि घराण्यात कोणी तरुण वयात अचानक दगावलंय का. रक्तदाब, नाडी, वजन, उंची सुरुवातीला आणि नंतर नियमित मोजायची.

मिथिलफेनिडेट चालत नसेल तर अ‍ॅटोमॉक्सेटीन हा दुसरा पर्याय आहे. ते उत्तेजक नाही, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि ते रोज घ्यावंच लागतं. सहा वर्षांखालच्या मुलांत मात्र औषधाआधी पालक-प्रशिक्षण, हे सर्वमान्य आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांवरच्या मोठ्या अभ्यासात १४ महिन्यांअखेर मूळ लक्षणांवर काटेकोर औषधोपचाराचा परिणाम नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरला होता. पण त्यातला "काटेकोर" हा शब्द महत्त्वाचा. दरमहा भेट आणि शिक्षकांकडून माहिती, असं ते चाललं होतं. चिठ्ठी लिहून सहा महिन्यांनी या म्हणणं म्हणजे तो उपचार नव्हे.

आंबोली_घाट :
दरमहा भेट वाचून हसू नये पण रडू येतं. सावंतवाडीहून कोल्हापूर, पावसाळ्यात घाटातून, मूल गाडीत ओकतंय, एक दिवसाची मजुरी बुडते. आणि पोचल्यावर औषध दुकानात नाही.

केवडा :
औषध मिळण्याचं सगळ्यांनी नीट समजून घ्या, नवे पालक इथे अडकतात. मिथिलफेनिडेट औषध नियमावलीच्या परिशिष्ट एक्समध्ये येतं. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत तो दोन वर्षं जपून ठेवतो. त्यामुळे तालुक्याच्या मेडिकलवाल्याने नाही म्हटलं तर त्याच्यावर रागावू नका. डॉक्टरांनाच विचारा, कुठल्या दुकानात मिळेल, आणि जाण्याआधी फोन करा. आणखी एक, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे हे औषध फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाही. समक्ष जावंच लागतं. मुंबईचा चाकरमानी मामा व्हॉट्सअ‍ॅपवरची चिठ्ठी दाखवून आणेल, हा विचार सोडा. घरात गोळ्या कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा.

बालवैद्य :
जवळच्या सोयी. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. या कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, आणि ते ज्या आजारांसाठी तपासतात त्या यादीत एडीएचडी आहे. म्हणजे शाळेतूनच संदर्भ चिठ्ठी मिळू शकते. ओरोस आणि रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मानसोपचार आणि बालरोग दोन्ही विभागांत विचारा. नुसतं बोलायचं असेल, मन मोकळं करायचं असेल, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

रापणकार :
आभारी आसंय डॉक्टर. ह्यो नंबर बहिणीक धाडलंय.

ओहोटी :
मी पालक नाही. मी ती मुलगी आहे, जिचं निदान नोकरीला लागल्यावर झालं. वेंगुर्ल्यात शिकले. धावत नव्हते, मारत नव्हते, म्हणून कोणाला कळलं नाही. वर्गात बाईंचा आवाज भरतीच्या वेळी खाडीपलीकडून कोणी साद घालावी तसा यायचा, काही शब्द लागायचे, बाकी पाण्यावरच राहायचे. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा, "हुशार आहे, पण प्रयत्न करत नाही". मी किती प्रयत्न करत होते ते मला माहीत आहे. आपण आळशी आणि वाईट आहोत हे मी लहानपणीच मान्य करून टाकलं होतं, आणि ते मनातून काढायला फार वर्षं लागताहेत. औषध आता घेते, उपयोग होतो.

मुलींच्या आयांनो, शांत मुलीकडेही बघा.

सुरंगी :
काही आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. सगळं करून घेतलं. प्रश्नावल्या मी, वर्गशिक्षिका आणि शिकवणीच्या ताई अशा तिघींनी भरल्या, तिघींच्या खुणा जवळजवळ सारख्या आल्या. कान-डोळे उत्तम. लोह कमी निघालं, त्याचं औषध चालू झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी वेळ देऊन बघितलं. एडीएचडी आहेच, दोन्ही गटांतला. शिवाय लिहिण्यातही अडचण दिसते, तिची चाचणी पुढे करायची आहे, कारण अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो आणि नुसत्या एडीएचडीचा दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत वेगळा उल्लेख नाही, असं त्यांनी समजावलं.

विहिरीला जाळी बसली. नवऱ्याने शेजारच्या विहिरीलाही स्वतःच्या पैशाने बसवली. सासूबाईंनी गाऱ्हाणं घातलं आणि मीही हात जोडून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "देवाक सांगितलंय, आता डाक्टराचा ऐका." त्यांच्याजवळ हा रोज तिन्हीसांजेला परवचा म्हणायला बसतो, तेवढा वेळ बसतो, हे डॉक्टरांनीही लिहून घेतलं.

गोळी सुरू करायचं ठरलं आहे. गणपतीत घर भरलेलं असेल, मुंबईची सगळी येतील. आधी सुरू करू की नंतर? आणि त्याला काय सांगू?

बालवैद्य :
तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण माझं मत, पाहुणे गेल्यावर. सणात झोप, जेवण, अभ्यास सगळंच बदललेलं असतं, फरक औषधाचा की आरतीच्या जागरणाचा ते कळणार नाही. शाळेचे साधे दिवस निवडा, वर्गशिक्षिकेला आधी सांगा आणि एका वहीत रोज दोन ओळी लिहा : भूक, झोप, मनःस्थिती, अभ्यास. छातीत दुखणं, भोवळ, नसलेलं दिसणं-ऐकू येणं, किंवा फार उदास होणं असं काही झालं तर पुढची गोळी न देता लगेच दाखवा.

ओहोटी :
मुलाला काय सांगायचं, याचं उत्तर मी देऊ? त्याला ती "ताकदीची गोळी" म्हणून देऊ नका. आठ वर्षांचं मूल अंदाज बांधतं, आणि लपवलेली गोष्ट वाईटच असणार असं धरून चालतं. सांगा की तुझं डोकं भरभर चालतं, त्यामुळे एका गोष्टीवर थांबणं तुला इतरांपेक्षा अवघड जातं, ही तुझी चूक नाही, गोळी थांबायला मदत करते, बाकीचं तू करतोस. चांगला वागला तर "आज गोळी घेतलीस वाटतं" असं घरात कोणीही म्हणायचं नाही, हे पाहुण्यांसकट सगळ्यांना ठणकावून सांगा. ते श्रेय त्याचं आहे. पोट दुखलं, नकोसं वाटलं तर आईला सांगायचं आणि आई रागावणार नाही, हेही सांगा. शाळेत बाईंना माहीत असणं पुरेसं आहे, मित्रांना सांगायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.